युरोपा बार्बारोरम टू: मॉड बसवायचा कसा, खेळायचा कसा आणि बंद पडला तर बघायचं कुठे

मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून केलेला नवा खेळ, डाउनलोड केला, बसवला, शॉर्टकटवर डबल क्लिक केलं, दोन सेकंद काळी स्क्रीन आली आणि परत डेस्कटॉप. युरोपा बार्बारोरम टू, म्हणजे आपल्या भाषेत ईबी टू, सोडून देणारे बरेच जण इथेच सोडतात, आणि उरलेले पहिल्या दहा टर्नमध्ये, म्हणजे दहा पाळ्यांमध्ये, खजिना रिकामा झाला की सोडतात. दोन्ही गोष्टींना उपाय आहे म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. प्राचीन जगावरचा इतका जीव ओतून केलेला मॉड दुसरा मला तरी माहीत नाही, आणि तो फक्त सुरू होत नाही म्हणून कोणी सोडला की खरंच वाईट वाटतं.

आधी थोडक्यात, हा मॉड आहे मिडिव्हल टू टोटल वॉर या २००६ च्या गेमवर, आणि त्याला २००७ चं किंग्डम्स एक्स्पान्शन लागतंच, नुसत्या मूळ गेमवर चालत नाही. स्टीमवर आत्ता जी डेफिनिटिव्ह एडिशन मिळते त्यात किंग्डम्स आहे, त्यामुळे तिथून घेतलेल्यांना वेगळं काही घ्यायला नको. डिस्कवाल्यांनी आधी किंग्डम्सचा १.५ पॅच टाकलाय का ते बघा. आणि या गेमला स्टीम वर्कशॉप नाहीये, त्यामुळे सबस्क्राइबचं बटण शोधत बसू नका, मॉडचा इन्स्टॉलर वेगळा उतरवून स्वतःच बसवायचा असतो.

बसवताना

सगळ्यात पहिलं काम, गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. विंडोज त्या फोल्डरमध्ये गेमला फाइल लिहू देत नाही, किंवा लिहिली असं दाखवतं आणि प्रत्यक्षात ती भलतीकडेच कुठेतरी नेऊन ठेवतं, मग गेम शोधतो एका जागी आणि फाइल असते दुसऱ्या जागी. ईबी टू तर सतत काही ना काही लिहीत असतो, नकाशाची फाइल, लॉग म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, सेव्ह, सगळंच. स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा निदान सी ड्राइव्हच्या मुळाशी एक नवीन लायब्ररी फोल्डर करा आणि गेम तिकडे हलवा. अर्ध्या तासाचं काम आहे पण पुढचे निम्मे त्रास इथेच संपतात.

मग मॉड टाकायच्या आधी मूळ गेम एकदा चालू करा, किंग्डम्समधलं कुठलंही एक कॅम्पेन, म्हणजे नकाशावरची मोठी मोहीम, उघडा, एक टर्न संपवा, बाहेर पडा. हे लोक टाळतात, आणि मग मॉड बिघडलाय की गेमच बिघडलाय हेच कळत नाही. नवीन विंडोजवर जुन्या डायरेक्टएक्स नाइनच्या फाइल नसतात, त्यामुळे अमुक डीएलएल, म्हणजे गेमला लागणारी मदतनीस फाइल, सापडत नाही असा मेसेज आला तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका, ती एकच डीएलएल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उचलून आणू नका, प्लीज.

आता इन्स्टॉलरला गेमच्या फोल्डरमधलं मॉड्स हे फोल्डर दाखवायचं. इन्स्टॉलर फोल्डरला जे नाव देतो ते अजिबात बदलू नका कारण आतल्या सेटिंग फाइलमध्ये तोच पत्ता लिहिलेला असतो. बसवून झालं की एकदा उघडून बघा, मॉड्स फोल्डर, त्यात मॉडचं फोल्डर, त्यात लगेच डेटा नावाचं फोल्डर दिसलं पाहिजे. मॉडच्या फोल्डरमध्ये परत त्याच नावाचं फोल्डर आणि त्यात डेटा असं दिसलं तर एक पायरी जास्त झालीये, आतलं सगळं उचलून वर आणा. अँटिव्हायरस कधीकधी मॉडसोबतची ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम चालू करणारी फाइल, गुपचूप उचलून बाजूला ठेवतो, तेव्हा त्याची क्वारंटाइन यादीही बघून घ्या.

अजून एक गोष्ट आहे जी मी तरी प्रत्येकाला करायला लावतो. हा गेम ३२ बिटचा आहे, आणि असा प्रोग्राम नुसता चालवला तर २ जीबीच्या वर मेमरी वापरूच शकत नाही, तुमच्या मशीनमध्ये १६ जीबी असो नाहीतर ३२. ईबी टूचे सैनिक, पोत, नकाशा सगळं मोठं आहे, मोठ्या लढाईत २ जीबी भरतात आणि गेम काही न सांगता बंद. फोर जीबी पॅच म्हणून छोटंसं टूल मिळतं, ते गेमच्या ईएक्सईमध्ये एक खूण करतं, मग ६४ बिट विंडोजवर त्याच गेमला ४ जीबीपर्यंत मेमरी मिळते. आधी मूळ ईएक्सईची कॉपी ठेवा मग पॅच मारा. आणि हे लक्षात असू द्या की नंतर कधी स्टीमवर फाइल तपासणी केलीत तर स्टीम ती ईएक्सई परत मूळची करतो, मग पॅच परत मारावा लागतो. कालपर्यंत चालत होतं आज लढाईत बंद पडतंय असं म्हणणाऱ्यांनी आधी हेच बघा.

सुरूच होत नाही तेव्हा

मॉड चालू करणारी जी बॅट फाइल असते ती नोटपॅडमध्ये उघडून बघायला घाबरू नका, त्यात एकच महत्त्वाची ओळ असते, गेमच्या ईएक्सईचं नाव आणि त्यापुढे ॲटचं चिन्ह लावून मॉडच्या सीएफजी म्हणजे सेटिंग फाइलचा पत्ता, बस. तुमच्या फोल्डरमध्ये किंग्डम्स नावाची ईएक्सई नसेल आणि बॅट फाइल तिलाच हाका मारत असेल तर अर्थातच काही होणार नाही, तिथे मिडिव्हल टूच्या ईएक्सईचं नाव टाका.

गेम चालू झाला पण मेनूत चिलखतवाले नाइट आणि मध्ययुगातलं संगीत आलं तर मॉड लोडच झालेला नाही, म्हणजे सीएफजीपर्यंत गेम पोचला नाही, एक तर तुम्ही स्टीमच्या प्ले बटणावरून चालू केलंय किंवा पत्ता चुकलाय. इथे मॉड परत डाउनलोड करायची गरज नसते.

गेमला अनिर्दिष्ट एरर आली आणि तो आता बंद होईल अशा अर्थाचा जो मेसेज येतो ना, तो बघून लोक हताश होतात कारण त्यात काहीच सांगितलेलं नसतं. खरी माहिती लॉगमध्ये असते. मॉडची सीएफजी फाइल उघडा, त्यात लॉग असं लिहिलेला एक भाग असतो, त्याखाली लॉग कुठे लिहायचा तो पत्ता आणि खाली लेव्हल. लेव्हलसमोर बहुतेक वेळा तारा आणि एरर असं असतं, त्या जागी तारा आणि ट्रेस लिहा, सेव्ह करा, गेम परत चालवून परत बंद पडू द्या. मग त्या पत्त्यावरची सिस्टिम लॉगची टेक्स्ट फाइल उघडा आणि थेट तळाशी जा. वरून वाचू नका. वर शेकडो ओळी असतात, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात, एखादा आवाज सापडला नाही, एखादं ॲनिमेशन नाही, त्याने गेम बंद पडत नाही. कामाच्या असतात शेवटच्या पाचदहा ओळी. तिथे स्क्रिप्ट एरर असं लिहून पुढे फाइलचं नाव, कितवी ओळ, कितवा कॉलम हे सगळं स्पष्ट दिलेलं असतं. एखाद्या टेक्स्ट फाइलच्या ओळीकडे बोट असेल आणि तुम्ही वर एखादा सबमॉड, म्हणजे या मॉडवरच चढवलेला छोटा मॉड, टाकलेला असेल तर दोष जवळपास नक्की सबमॉडचा, तो काढा. फाइल सापडत नाही अशा अर्थाचं असेल तर इन्स्टॉल अर्धवट झालंय, डाउनलोड केलेली फाइल तपासून परत बसवा. गेम पुन्हा चालू करायच्या आधी त्या लॉगची कॉपी दुसरीकडे ठेवा, आणि काम झालं की लेव्हल परत एररवर आणा कारण ट्रेसवर गेम जड चालतो.

मला मनापासून वाटतं की हा मॉड खेळणाऱ्या प्रत्येकाला लॉगचा तळ वाचता आला पाहिजे. सगळं उडवून परत बसवणं हा उपाय शेवटचा, पहिला नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रिझोल्यूशनही बदललं, सबमॉडही काढला, ड्रायव्हरही टाकला आणि गेम चालू झाला तर नेमकं काय लागू पडलं ते कळणार कसं?

नुसती काळी स्क्रीन राहत असेल, लॉगमध्ये काही खास नसेल, तर सीएफजीतल्या व्हिडिओच्या भागात बघा. मूव्हीज शून्य करा म्हणजे सुरुवातीचे व्हिडिओ गाळले जातात, विंडोड चालू करा, आणि कॅम्पेन आणि बॅटल अशी जी दोन रिझोल्यूशन लिहिलेली असतात ती तुमच्या स्क्रीनला झेपतात का ते पाहा, शंका असेल तर दोन्ही १०२४ बाय ७६८ करून एकदा चालवून बघा. विंडोडमध्ये खेळण्याचा एक आणखी फायदा, मध्येच दुसऱ्या खिडकीत जाऊन आलं तरी गेम पडत नाही, फुल स्क्रीनवर हमखास पडतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक कार्ड असतील तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये या ईएक्सईला मोठं कार्ड द्या. स्क्रीनवर चढून बसणारे ओव्हरले, रेकॉर्डर वगैरे बंद. लिनक्सवाल्यांनी लिनक्सची आवृत्ती न घेता विंडोजचीच प्रोटॉनवरून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सोयीवरून, चालवावी, मॉडच्या फाइलनावांतल्या लहानमोठ्या अक्षरांवरून लिनक्स आवृत्ती अडते.

मेनू येतो पण कॅम्पेन लोड होताना पडतं, तर नकाशाची फाइल बघा. मॉडच्या डेटा फोल्डरमध्ये वर्ल्ड, त्यात मॅप्स, त्यात बेस, तिथे मॅप डॉट आरडब्ल्यूएम नावाची फाइल असते. ही गेम स्वतः तयार करतो, त्यामुळे ती उडवली तरी पुढच्या वेळी नवीन बनते, फक्त त्या वेळी लोडिंगला जरा जास्त वेळ लागतो, थांबा, हँग झालाय समजून मारून टाकू नका. मॉडची आवृत्ती बदलली आणि ही जुनी फाइल राहिली की असं होतं. फाइल उडवली आणि नवीन बनतच नसेल तर फोल्डरला रीड ओन्ली लागलंय किंवा वर सांगितलेलं प्रोग्राम फाइल्सचं प्रकरण आहे.

पहिलं कॅम्पेन

चला, गेम चालू झाला. वर्ष इ.स.पू. २७२. हे वर्ष का, तर हेलेनिस्टिक जग, म्हणजे अलेक्झांडरनंतरचं ग्रीक राजांचं जग, अगदी काठावर उभं आहे. एपिरसचा राजा पिऱ्हस अजून जिवंत आहे, खऱ्या इतिहासात तो याच वर्षी आर्गोसच्या गल्लीत छपरावरून पडलेल्या कौलाने जायबंदी होऊन मेला आणि याच वर्षी रोमनांनी दक्षिण इटलीतलं टारास घेतलं. इजिप्तमध्ये दुसरा टॉलेमी, सीरियापासून इराणपर्यंत पहिला अँटिओकस, दोघांचं युद्ध चालू. मॅसिडोनमध्ये अँटिगोनस गोनाटस. पूर्वेच्या टोकाला तक्षशिलाही खेळता येते, ते बघून मला आजही भारी वाटतं. कॅम्पेन चालतं इ.स. १४ पर्यंत आणि एका वर्षाला चार टर्न, म्हणजे शेवटापर्यंत गेलात तर ११४० च्या आसपास टर्न होतात. शेवटाकडे धावायचा हा गेमच नाही, हे एकदा डोक्यात बसलं की मजा यायला लागते.

पहिल्यांदा खेळताय तर रोम घ्या. कार्थेज श्रीमंत दिसतं पण सगळीकडे पसरलेलं आहे, भाडोत्री सैन्य महाग पडतं. सेल्युकसांचं, म्हणजे वर सांगितलेल्या अँटिओकसचं साम्राज्य नकाशावर बघून मोह होतो पण चहूबाजूंनी शत्रू आणि प्रत्येक टोकाला बंडाची तयारी, ते नंतर कधीतरी. रोमची जागा आटोपशीर, शत्रू समोर, ध्येय स्पष्ट.

अवघडपणा निवडताना लढाई मीडियमवर ठेवा. वरच्या लेव्हलला संगणकाच्या सैनिकांना फुकटचं बळ मिळतं आणि मॉडवाल्यांनी भाला, ढाल, चिलखत, धैर्य यांचा जो बारीक हिशोब बसवलाय तो बिघडतो, शेतकरी तुमच्या ट्रायारींना, म्हणजे रोमच्या कसलेल्या भालेकऱ्यांना, हटवायला लागतात. कॅम्पेन हार्ड ठेवायला हरकत नाही. युनिट साइज पण आत्ताच ठरवा, कॅम्पेन सुरू झाल्यावर ती बदलत नाही. ह्यूजवर दिसायला झकास दिसतं पण मशीन जुनं असेल तर लार्ज घ्या, हा गेम प्रोसेसरचा मुख्यतः एकच कोअर वापरतो, त्यामुळे कार्ड कितीही भारी असलं तरी मोठ्या लढाईत दम लागतोच.

आता पहिला टर्न. काहीही बांधायच्या आधी, कोणालाही हलवायच्या आधी फायनान्सची गुंडाळी उघडा. बहुतेक फॅक्शनना, म्हणजे खेळातल्या राज्यांना, सुरुवातीला जे सैन्य दिलेलं असतं ते त्यांच्या उत्पन्नाला झेपणारं नसतं, दर टर्नला खजिन्यातून पैसे जातच राहतात, आणि खजिना शून्याच्या खाली गेला की नवीन भरती बंद, बांधकाम बंद. ही गफलत नाही, मुद्दाम तसं ठेवलंय, कारण ही सगळी राज्यं त्या वेळी युद्धाच्या मधोमध होती. मार्ग दोनच, एक तर सैन्य कमी करा किंवा त्याच सैन्याने पटकन काहीतरी जिंका ज्याने उत्पन्न वाढेल. रोमसाठी दुसरा मार्ग सरळ आहे, टारास समोर आहे. दोन सेनापतींची फौज एकत्र करा आणि उतरा दक्षिणेला. जहाजांचा ताफा गरजेपुरताच ठेवा, नुसता बंदरात उभा ताफा दर टर्नला पैसे खातो.

टारासला वेढा घातला की शिड्या आणि रॅम म्हणजे दरवाजा फोडायचा ओंडका बनवून लगेच भिंतीवर चढायचा मोह आवरा. या इंजिनला भिंतीवरची आणि गल्लीतली हालचाल नीट जमत नाही, माणसं दारात अडकतात, अर्धी तुकडी वर अर्धी खाली, फुकटची माणसं जातात. वेढा धरून बसा. अन्न संपत आलं की आतल्यांना बाहेर पडून लढावंच लागतं, आणि तेव्हा ते दरवाजातून एकेक करत बाहेर येतात आणि तुमची फौज बाहेर मांडून उभी असते. दरवाजासमोर हस्ताती, म्हणजे रोमचं पुढच्या रांगेतलं पायदळ, अर्धवर्तुळात, भिंतीवरच्या बाणांच्या टप्प्याबाहेर, भालाफेके दोन्ही बाजूंना, घोडदळ लांब. अशी एक लढाई लढून बघा, शहर जवळजवळ आख्खंच्या आख्खं हाती येतं. आत हेर आधीच घुसवलेला असेल तर कधीकधी दरवाजाही उघडा मिळतो.

एकीकडे राजदूताला कामाला लावा. त्याला घरी बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही, शेजाऱ्यांकडे एकेक करत पाठवा आणि आधी फक्त व्यापारी हक्क मागा, मैत्री, नकाशे नंतर. बंदरं असलेल्या राज्यांशी व्यापार सुरू झाला की तीनचार वर्षांत हिशोब लाल रंगातून बाहेर यायला लागतो.

शहर जिंकल्यावर काय करायचं हा ईबी टूचा गाभा आहे आणि इथेच बाकीच्या टोटल वॉरची सवय आड येते. नुसती बराक बांधली की हवे ते सैनिक मिळतात असं इथे नाही. त्या प्रांतात कुठल्या प्रकारची सत्ता बसवताय, तिथल्या लोकांची संस्कृती काय आहे, यावर भरती ठरते. टारास ग्रीक आहे, तिथे लगेच रोमन लीजन उभी राहणार नाही, पण स्थानिक ग्रीक भालेकरी मिळतील, ते घ्या आणि वापरा, खुद्द रोमही मित्रराष्ट्रांच्या सैन्यावरच लढत होतं. प्रत्येक इमारतीच्या चित्रावर उजवं क्लिक करून आतलं वर्णन वाचा, लांबलचक असतं पण कोणती इमारत पुढे काय उघडते ते तिथेच लिहिलेलं आहे, आणि इतिहास तर बोनस.

भरतीची दुसरी गोष्ट, प्रत्येक युनिटचा एक साठा असतो आणि तो हळूहळू भरतो. आज तीन तुकड्या घेतल्या म्हणजे पुढच्या टर्नला परत तीन मिळतील असं नाही, चांगल्या सैनिकांना तर वर्षं लागतात. म्हणून कसलेली तुकडी एका मूर्ख चढाईत घालवणं फार महागात पडतं. कमी झालेल्या तुकड्या एकत्र करा, परत घरच्या प्रांतात नेऊन भरून घ्या.

जिंकलेलं शहर अशांत असेल तर शहराच्या तपशिलात सुव्यवस्थेच्या खाली छोटी चित्रं असतात, त्यातून कारण कळतं, राजधानीपासून अंतर, परकी संस्कृती, कर, चौकीचं बळ. कर खाली आणा, चांगला गव्हर्नर ठेवा, स्वस्तातली फौज चौकीला ठेवा. राजधानीपासूनच्या अंतराचा त्रास मात्र कधीच पूर्ण जात नाही, त्यामुळे भराभर लांबचं घेत सुटू नका. स्वतंत्र शहरंसुद्धा, ज्यांना मॉडमध्ये एलेउथेरोइ म्हणतात, मोकळी पडलेली नाहीत, त्यांच्या फौजा तगड्या असतात, आधी हेर पाठवून आत किती आहेत ते बघा.

लढाईत

रोमन फौज मांडताना पुढे व्हेलिटीस म्हणजे हलके भालाफेके, मग हस्ताती, मग प्रिन्किपेस म्हणजे दुसऱ्या रांगेतलं पायदळ, शेवटी ट्रायारी. व्हेलिटीसनी भाले फेकून मागे यायचं, त्यांना हातघाईत सोडू नका. हस्तातींना शत्रू टप्प्यात आल्यावर आधी पिलम, म्हणजे फेकायचे भाले, फेकू द्या, लगेच दोनदा क्लिक करून पळत पाठवलंत तर फेकायचे राहूनच जातात. पुढे आपली माणसं भिडली की मागच्यांचा आपोआप मारा बंद करा, नाहीतर आपल्याच पाठीत भाले जातात. ट्रायारींना खरंच गरज पडेपर्यंत हलवू नका.

समोर मॅसिडोनियन फॅलँक्स, म्हणजे लांब भालेवाल्यांची दाट रांग, असेल तर समोरून जाऊ नका, एवढंच. सारिसांच्या, म्हणजे त्या लांब भाल्यांच्या रांगेवर कितीही चांगली तुकडी टाका, झिजून संपते. इ.स.पू. १९७ मध्ये किनोस्केफालाईला रोमनांनी काय केलं ते बघा, जमीन डोंगराळ होती, मॅसिडोनची डावी बाजू अजून नीट मांडून व्हायची होती, आणि एका ट्रिब्यूनने, म्हणजे रोमन अधिकाऱ्याने, वरून हुकूम नसताना वीस मॅनिपल, म्हणजे वीस छोट्या तुकड्या, घेऊन जिंकत चाललेल्या उजव्या बाजूच्या पाठीवर हल्ला केला, तिथे लढाई फिरली. मॉडमध्ये हे अगदी असंच चालतं. मध्यभागी स्वस्तातली तुकडी गार्ड मोडवर, म्हणजे जागा न सोडता लढायच्या हुकुमावर, नुसती धरून ठेवा, एका बाजूचं त्यांचं घोडदळ आधी पळवा, मग त्याच बाजूने दोन तुकड्या वळसा घालून मागे न्या. उंचसखल जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं.

तुम्ही स्वतः फॅलँक्स खेळत असाल तर गार्ड मोड चालू ठेवा, चालत न्या, आणि शत्रूवर क्लिक करून हल्ल्याचा हुकूम देऊ नका, शत्रूच्या जरा पुढची जमीन दाखवा म्हणजे रांग न मोडता सरकते. हल्ल्याचा हुकूम दिला की माणसं जागा सोडतात आणि भाल्यांची भिंत फुटते. घोडदळाचं उलट, धडक मारा, दोनचार सेकंदांत बाहेर काढा, लांब न्या, परत धडक. गर्दीत अडकवून ठेवलेलं घोडदळ मरतं.

इथल्या लढाया लांब चालतात, माणसं पटकन पळत नाहीत, त्यामुळे दमणूक फार महत्त्वाची. उन्हात चिलखत घातलेली माणसं अर्धा नकाशा पळवत नेलीत तर भिडायच्या आधीच निम्मी हरलेली असतात.

खेळता खेळता बंद पडलं तर

लढाई लोड होताना पडत असेल तर आधी ४ जीबीचा पॅच आहे का बघा, मग सावल्या बंद करा, गवत आणि झाडं कमी करा, परत लोड करून बघा. सैनिक चंदेरी पुतळ्यासारखे चमकताना दिसले तर त्या तुकडीचं टेक्स्चर सापडत नाहीये, घाबरायचं कारण नाही, पण एकदोन नाही तर बऱ्याच तुकड्या तशा असतील तर इन्स्टॉल अर्धवट आहे.

सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे टर्न संपवला आणि दुसऱ्यांची पाळी चालू असताना गेम पडला. इथे लक्ष ठेवायचं ते त्या वेळी स्क्रीनवर कुठल्या फॅक्शनचं चिन्ह होतं यावर. ऑटोसेव्ह लोड करा, एखादं सैन्य वेगळीकडे हलवा किंवा एखादी भरती रद्द करा, मग टर्न संपवा. बऱ्याचदा तेवढ्याने निभावतं, कारण संगणकाचे पुढचे निर्णय बदलतात. परत त्याच चिन्हावर पडलं तर कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडून युद्धाचं धुकं, म्हणजे नकाशावरचा झाकलेला भाग, काढा, त्यासाठी टॉगल अंडरस्कोर एफओडब्ल्यू ही कमांड आहे, मग त्या फॅक्शनचं काय चाललंय ते बघा. पुष्कळदा कुठलातरी वेढा किंवा एखादी समुद्रातली लढाई अडलेली असते. मूव्ह कॅरेक्टरच्या कमांडने त्या सेनापतीला दोन घरं बाजूला सरकवलं की गाडी पुढे जाते. याला मी फसवणूक मानत नाही, दोनशे टर्न खेळलेलं कॅम्पेन वाचवायचं असेल तर खुशाल करा.

सेव्ह ठेवायची शिस्त लावून घ्या. एकाच नावावर परत परत सेव्ह करू नका, तीनचार नावं फिरवत ठेवा, आणि दर दहा वर्षांनी, म्हणजे गेममधल्या, एक सेव्ह कायमचा वेगळा ठेवा, नाव वर्षावरून द्या. सेव्ह असतात मॉडच्याच फोल्डरमध्ये, त्यामुळे मॉड उडवायच्या आधी ते फोल्डर बाहेर कॉपी करा, नाहीतर सगळं त्याच्यासोबत जातं. नवीन आवृत्ती आली की लगेच चालू कॅम्पेनवर टाकायची घाई नको, जुने सेव्ह नवीन आवृत्तीत सहसा धड चालत नाहीत, आणि वाईट म्हणजे लोड होतात आणि मग वीस टर्नांनी पडतात. चालू कॅम्पेन जुन्यावरच संपवा किंवा जुनी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये गेमच्या वेगळ्या कॉपीत ठेवा. सबमॉडचंही तेच, कॅम्पेनच्या मध्ये टाकायचे नाहीत, काढायचेही नाहीत.

एवढं करूनही सुटत नसेल तर मॉड बनवणाऱ्यांना विचारा, पण विचारताना त्यांना काम करता येईल असं काहीतरी द्या. मॉडची नेमकी आवृत्ती, गेम स्टीमचा की डिस्कचा, कोणत्या फोल्डरमध्ये बसवलाय, कुठले सबमॉड आहेत, कुठली फॅक्शन आणि कुठलं वर्ष, ट्रेसवर काढलेला लॉग, आणि पडायच्या लगेच आधीच्या टर्नचा सेव्ह. तो सेव्ह लोड करून टर्न संपवला की दरवेळी पडतो का, की कधीकधी, हेही लिहा. दरवेळी पडत असेल तर ते त्यांच्या मशीनवर तसंच करून बघू शकतात आणि पुढच्या आवृत्तीत तो दोष निघायची शक्यता वाढते.